मुरूड–आसूद–दापोली ग्रुप ट्रेनिंग रन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरचं चॅलेंज जवळ आलं की ग्रुपवर रोज रात्री तेच प्रश्न येतात, उत्तर लिहावं तर दुसऱ्या दिवशी नवीन कोणीतरी जॉइन होतं आणि तेच परत. म्हणून आलेले सगळे मेसेज चाळून एकदाच लिहून ठेवतोय. नंबर दिलेत, पुढे मागे रेफरन्स लागले तर शोधायला सोपं.

१. हा रन म्हणजे नक्की काय? रेस आहे का?

रेस नाही. बिब नाही, मेडल नाही, पहिला कोण आला ते कोणी लिहून ठेवत नाही. डिसेंबरात आपल्या टीम्स ५० किमीच्या चॅरिटी चॅलेंजला उतरतायत, चार जणांची टीम, १६ तास, आणि टीममधला शेवटचा माणूस लाइन ओलांडतो तेव्हाच टीमचं घड्याळ थांबतं. त्याच्या तीन-चार आठवडे आधी सगळ्यांनी मिळून चढ-उतारावर एकदा लांब जायचं, तो हा रन. चौघांचा फॉरमॅट काय आपण शोधून काढलेला नाही, हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून ट्रेलवॉकर सुरू झालं, त्यात १०० किमी ४८ तासांत चौघांनी मिळून करायचे असतात.

शेवटचा माणूस मुरूडला परत आला की आपला रन संपला. आधी पोचलेल्यांनी चहा प्यावा, पाय समुद्रात बुडवावेत, पण गाडी काढून घरी जाऊ नये. हे दर वर्षी सांगावं लागतं.

२. रूट कसा आहे, किती किलोमीटर?

मुरूडच्या किनाऱ्यावर सुरुवात, कर्द्याच्या बाजूला ओल्या वाळूवर थोडा वॉर्मअप आणि परत, मग रस्त्याने आसूद. दाबकेवाडीतून नारळी-पोफळीच्या बागांमधून खाली उतरायचं, पऱ्या (ओढा) ओलांडायचा, आणि जांभ्याच्या पायऱ्या चढून केशवराजच्या देवळापर्यंत. शॉर्ट लूपवाले इथून मागे फिरतात, त्यांचे साधारण १२ किमी होतात. लाँगवाले परत रस्त्याला लागून दापोलीपर्यंत चढतात आणि मग मुरूडला येतात, ते पंचविसाच्या आसपास जातं. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं दाखवतं, बागेत झाडी दाट असल्यामुळे जीपीएस भरकटतं, त्यावरून भांडू नका.

दापोली समुद्रसपाटीपासून साधारण ८०० फुटांवर आहे. घाटावरच्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येतं. पण आपण शून्यापासून सुरू करतो, मधे आसूदला उतरतो, परत चढतो, आणि हे सगळं अशा हवेत की घाम अंगावरच राहतो (प्रश्न ८).

३. तारीख दर वर्षी वेगळी का? "दुसरा रविवार" असं फिक्स करा ना.

नाही करता येत, कारण तारीख समुद्र ठरवतो. आपल्याला सकाळी साडेपाचला ओहोटी पाहिजे, तरच पळायला घट्ट वाळू मिळते, भरतीत फक्त वरची भुसभुशीत वाळू उरते आणि पोटऱ्या पहिल्या दोन किलोमीटरातच संपतात. जुन्या लोकांचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी अगदी वर, तो रविवार आपल्या कामाचा नाही. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी मागेही लांब जातं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, अगदी मिनिटाला मिनिट पाहिजे असेल तर भरती-ओहोटीचा तक्ता बघा. पण माझा अनुभव असा की पंचांगवाल्या आजोबांना विचारलं तरी काम भागतं.

म्हणून नोव्हेंबरातला पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचा रविवार. परत येईपर्यंत भरती लागलेली असते, त्यामुळे शेवट किनाऱ्यावरून नाही, गावातल्या रस्त्याने.

४. मला चढावर पळता येत नाही. येऊ का?

या. चढावर आम्हीही पळत नाही. चढ चालायचा, सपाटीला हळू पळायचं, उतारावर सांभाळून, असंच ५० किमी होतात. चढावर धापा टाकत पळणारा आणि झपझप चालणारा यांच्यात वरच्या टोकाला फारसा फरक नसतो, फक्त पळणाऱ्याचे पाय संपलेले असतात. टेस्ट एकच, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "होय", "नाय" एवढंच निघत असेल तर स्लो व्हा.

मागच्या दोन महिन्यांत एकदा तरी सलग १० किमी चालला-पळाला असाल तर शॉर्ट लूप आरामात होतो. लाँगसाठी १६-१८ किमी झालेले असावेत. ते नसतील तर हट्ट करू नका, शॉर्ट करा आणि पुढच्या रविवारी वाढवा.

५. पेस कोणाचा? पुढचे लोक दिसेनासे होतात, मग आम्ही एकटे पडतो.

ही तक्रार खरी आहे आणि चूक आमची होती. दोन वर्षांपूर्वी पुढचे सहा-सात जण सुसाट गेले, मागच्या दोघी आसूदच्या वाडीत चुकीच्या पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) उतरल्या आणि एका घराच्या मागच्या खळ्यात निघाल्या. घरातल्या आजींनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि वर "तुमचे पुढचे लोक कुठले गो, थांबूक येत नाय त्यांना?" असं विचारलं. त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून नियम असा: पुढे एक ठरलेला माणूस, मागे एक ठरलेला माणूस, मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही आणि पुढच्याच्या पुढे कोणी जायचं नाही. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, शेवटचा दिसला की त्याला दोन मिनिटं श्वास घेऊ द्यायचा आणि मग निघायचं. तो आल्या आल्या "चला" म्हणून उठणं म्हणजे विश्रांती फक्त फास्ट लोकांना, ज्याला गरज आहे त्याला शून्य. चॅलेंजला चौघांचं घड्याळ शेवटच्यावर थांबतं (प्रश्न १), त्यामुळे शेवटच्याची बॅग पुढच्याने घेणं ही सुद्धा ट्रेनिंगच आहे, त्याची पण प्रॅक्टिस करा.

६. शूज कोणते? ट्रेलचे महागडे घ्यायला लागतील का?

गरज नाही. खाली ग्रिप असलेले, आधी निदान ५०-६० किमी वापरलेले कोणतेही रनिंग शूज चालतात. नवे शूज या दिवशी पहिल्यांदा घालू नका. उतारावर बोटं पुढे आपटतात, म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा पाहिजे आणि नखं दोन दिवस आधी कापलेली, नाहीतर नख काळं होतं आणि महिन्याभराने पडतं.

खरा प्रश्न जांभ्याचा आहे. पावसाळा संपून दीड महिना झाला तरी बागेतल्या पायऱ्यांवर ऊन पोचत नाही, शेवाळ राहतं, वर दव आणि सुपारीची झावळं. तिथे जगातला कुठलाच शूज धरत नाही. चालायचं, पाय आडवा टाकायचा.

७. पाणी आणि खाणं किती घ्यायचं?

तासाला साधारण ४०० ते ८०० मिली, तहानेप्रमाणे. लाँगवाल्यांनी दीड लिटर पाठीवर, दापोलीत भरून मिळतं. नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, घामातून मीठ जातं आणि वरून पाणीच पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, डोकं दुखतं, मळमळतं, हात सुजतात, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पितो. ओआरएसचं पाकीट सगळ्यात स्वस्त आणि बरोबर, एक लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत घट्ट करून नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आगळ (कोकमाचा खारट रस) घालून केलेलं कोकम सरबत मला स्वतःला जास्त आवडतं, आगळात मीठ असतंच, पण अंदाजपंचे असतं हे लक्षात ठेवा.

खाणं: तासाभरानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब. एक मोठं केळं म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम. चिक्की, खजूर, उकडलेलं रताळं, सगळं चालतं. जेल खाऊन बघायचं असेल तर इथेच बघा, चॅलेंजच्या दिवशी नाही. परत आल्यावर पेज, लोणचं आणि पापड असतो, खर्च वाटून (प्रश्न १८).

८. पुण्यात २५ किमी आरामात पळतो, इथे १५ ला का मरतो?

दमट हवा. घाम आला म्हणून शरीर गार होत नाही, तो वाळला तर गार होतं. किनाऱ्यावर हवेत आधीच इतका ओलावा असतो की घाम वाळत नाही, नुसता गळतो. मग हार्ट रेट वर जातो, त्याच पेसला जास्त मेहनत पडते. पुण्याचा पेस विसरा, किलोमीटरमागे एक मिनिट स्लो धरून चला आणि इगो मुरूडच्या एसटी स्टॉपवर ठेवून या. कॉटनचा टीशर्ट नको, ओला होऊन जड होतो. काखेत, जांघेत खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली भरपूर.

सावलीवर फार भरवसा ठेवू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इकडच्या बागा आडव्या झाल्या, नवीन लावलेली झाडं अजून मोठी व्हायचीत. वरच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) तर सावलीचा प्रश्नच नाही.

कोणी बरळायला लागला, चालताना झोकांड्या देतोय, अंग तापलंय, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, पाणी ओता, वारा घाला, आणि १०८ ला फोन. आधी गार करायचं, मग न्यायचं.

९. साडेपाचला अंधार असतो, बायकांनी एकटं यायचं का?

त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, त्यामुळे पहिला तास हेडटॉर्चचा. मुरूडमध्ये आदल्या रात्री राहणाऱ्यांची एकत्र सोय असते, कपडे बदलायला आणि टॉयलेटला ते घर सकाळीही उघडं. दापोलीहून येणाऱ्यांसाठी गाड्या शेअर होतात, कोणी एकटीने यायची गरज नाही.

किनाऱ्यावर टॉर्च खाली मारा, शक्यतो लाल लाइट. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं या पट्ट्यात अंडी घालायला यायला लागतात, प्रखर उजेडाने ती बिचकतात. जाळीचं कुंपण दिसलं तर लांबून जा. आणि हो, वाळूत होड्यांचे दोर असतात, मी स्वतः तोंडावर पडलोय.

१०. साप?

आहेत. जांभ्यावर भेटतं ते मुख्य फुरसं. एवढंसं असतं, दगडाच्या रंगाचं, वेटोळं करून अंग घासतं तेव्हा खरखर आवाज येतो. दगडावर बसण्याआधी बघा, गडग्यात (दगडी कुंपणात) हात घालू नका, गवतात शॉर्टकट नको.

चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, साप मारून पिशवीत आणायचा नाही. माणसाला चालवू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-पैंजण काढा, १०८ किंवा मिळेल ती गाडी, दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यातली प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. हिरवा चापडा त्या चारांत येत नाही, पण तरीही दवाखान्यातच जायचं, कारण कोण चावलं ते आपल्याला अंधारात कळत नसतं.

११. आणि विंचू?

लाल विंचू वाईट. नुसतं दुखत असेल तर ठीक, पण दरदरून घाम, उलटी, हात-पाय गार पडणं सुरू झालं तर ते विष हृदयावर जातंय. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर वापरून दाखवलं आणि मृत्यू खूप कमी झाले, तेव्हा मंत्र-तंत्रात तास घालवू नका. शूज रात्री बाहेर ठेवले असतील तर सकाळी झटकून घाला. एवढं केलं तरी बरंच.

१२. मागच्या वेळी पायाला भयंकर खाज सुटली, ते काय होतं?

खाजकुयली. शेंगांवर तपकिरी लव असते, याच दिवसांत शेंगा वाळतात. चोळू नका, चोळलं की पसरते. चिकटपट्टी लावून ओढा, मग भरपूर पाण्याने धुवा, कपडे बदला. कपडे धुताना वेगळे, नाहीतर घरच्यांचे शिव्याशाप.

१३. केशवराजच्या देवळात पळत जायचं का?

नाही. साकवापासून (पऱ्यावरच्या छोट्या पुलापासून) पुढे फक्त चालायचं, बोलणं हळू, स्पीकर बंद. वर बूट बाहेर काढून दर्शन घ्या. गोमुखाचं पाणी प्या पण तिथे बूट धुऊ नका, तोंडातलं जेल थुंकू नका. हे लिहायला लागतंय याचंच वाईट वाटतं.

वाट लोकांच्या बागेतून जाते. पडलेली सुपारी, नारळ, काहीही उचलायचं नाही. बेडं (कुंपणाचं फाटक) उघडलं तर परत लावायचं, गुरं आत शिरतात. नारळाच्या झाडाखाली सेल्फीसाठी उभं राहू नका, कारण सांगायला नको.

१४. पाऊस आला तर?

भुरभुर असेल तर रन होतो, फक्त पाखाडी रद्द, रस्त्यानेच जायचं. ढग गडगडले तर सड्यावर कोणी जायचं नाही, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. वादळाची सूचना असेल तर पूर्ण रद्द. नोव्हेंबरात वादळ कुठलं असं म्हणणाऱ्यांना फयान आठवत असेल, ११ नोव्हेंबर २००९. रद्द झालं तर पुढची तारीख पुन्हा तिथी बघूनच (प्रश्न ३).

१५. बीपी, शुगर आहे. वय ५८. चालेल का?

आपल्याकडे साठीच्या पुढचे चार जण आहेत आणि त्यातले दोघे माझ्या पुढे असतात. पण डॉक्टरांना विचारून या, "पळतो" एवढंच सांगू नका, "चार तास, चढ, ऊन" असं सांगा. इन्सुलिन किंवा शुगर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या असतील तर निघण्याआधी शुगर तपासा, १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, खिशात ग्लुकोज ठेवा आणि सोबतच्याला ते कुठल्या खिशात आहे ते सांगा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर: थांबायचं, लाजायचं नाही.

१६. गुडघा दुखतोय, पेनकिलर घेऊन पळू का?

नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घाम गाळताना, पाणी कमी असताना घेतल्या की किडनीवर ताण येतो. शिवाय दुखणं दाबलं की आपण चुकीचा पाय टाकत राहतो. दुखत असेल तर व्हॉलंटिअर व्हा, दापोलीच्या पॉइंटवर पाणी द्यायला नेहमी माणसं कमी पडतात.

१७. त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी आली तर उपास सोडायचा का?

तुमचा निर्णय. साबुदाणा, रताळं, केळी, खजूर यांवर कार्बचा हिशोब बसतो. निर्जळी असेल तर मात्र पळू नका, यावर चर्चा नाही.

१८. देणगीचं कसं? या रनची फी आहे का?

रनची फी नाही, पेजेचे जे येतील ते वाटून. देणगी वेगळी, ती चॅलेंजसाठी, आणि थेट संस्थेच्या खात्यात जाते, कोणा ग्रुप मेंबरच्या यूपीआयवर नाही. कोणी स्वतःचा नंबर पाठवून पैसे मागितले तर देऊ नका आणि आम्हाला कळवा.

आयकरात ८०जी ची सूट मिळते पण तीन गोष्टी लोक विसरतात. २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर सूट नाही. नवीन कर प्रणाली घेतली असेल तर सूट नाही. आणि नुसती पावती पुरत नाही, संस्थेकडून १०बीई फॉर्म (देणगीचं प्रमाणपत्र) यायला लागतो, त्यासाठी देताना पॅन द्यावा लागतो.

१९. मी चॅलेंज पूर्ण केलं नाही तर लोकांचे पैसे परत करायचे का?

नाही. लोकांनी पैसे कामासाठी दिलेत, तुमच्या फिनिशसाठी नाही. पण सगळ्या देणगीदारांना मेसेज करून खरं सांगा, "३८ ला थांबलो". त्या मेसेजवर बऱ्याचदा अजून देणगी येते, हे मी गंमत म्हणून नाही सांगत.

२०. टीममध्ये तिघंच आहोत, चौथा शेवटच्या क्षणी गळला. ट्रेनिंगला येऊ?

नक्की या, चौथा मिळण्याची सगळ्यात चांगली जागा हीच आहे. फक्त आपल्यापेक्षा फास्ट माणूस शोधू नका, आपल्या पेसचा शोधा, किंवा खरं तर आपल्यापेक्षा जरा स्लो आणि रात्री चिडचिड न करणारा.

२१. मुरूडपासूनच का सुरू करतो? दापोलीहून केलं तर सोपं नाही का?

सुरुवात सोपी होते, म्हणूनच नाही. दापोलीहून निघालात तर आधी उतार आणि थकल्यावर चढ, त्यात अर्धे लोक आसूदहून रिक्षा करतात (केलेली आहे, नावं सांगत नाही).

दुसरं कारण माझं वैयक्तिक. महर्षी कर्वे या मुरूडचे. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते इथून साताऱ्याला चालत गेले, ११० मैल, चार दिवस, भर पावसात, सह्याद्री चढून. आणि तिथे पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. गावात त्यांचा पुतळा आहे, आपण साडेपाचला त्याच्याजवळ जमतो. उशीर झाला तर फोन करा, पाच मिनिटं थांबू. सहा नाही, ओहोटी थांबत नाही.